उसतोडीच्या पट्ट्यात म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणारे यांचा अभ्यास करायचाय, प्रश्नावली आणि वेळापत्रक तपासून द्या

माजलगावकर

नमस्कार मंडळी. सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी करतोय. प्रबंधाचा विषय ठरलाय: साठीपुढच्या माणसांचं परावलंबन, विसराळूपणा आणि घरात त्यांचं करणाऱ्या माणसावर येणारा ताण. बीड जिल्ह्यातले दोन तालुके घेतलेत. सध्याचा आराखडा असा:

दहा गावं, प्रत्येक गावात चाळीस घरं, म्हणजे चारशेच्या आसपास जोड्या (एक म्हातारं माणूस, एक सांभाळणारं). सूत्राने नमुना ३८५ आला. म्हाताऱ्या माणसासाठी एमएमएसई (स्मृती आणि आकलनाची चाचणी) आणि बार्थेल (रोजची कामं स्वतः करता येतात का, याचे गुण), सांभाळणाऱ्यासाठी झारिटची २२ प्रश्नांची ताणाची मोजपट्टी, जोडीला दोघांचं बीपी. काम डिसेंबर-जानेवारीत, थंडीत उरकायचं, कारण एप्रिल-मेमध्ये फिरणं होत नाही.

अडचणी तीन. झारिटचं मराठी भाषांतर मीच करावं का? अक्षरओळख नसलेल्यांना एमएमएसई चालते का? आणि ज्याला काही आठवत नाही त्याची संमती कुणाकडून घ्यायची? गावातला अनुभव असणाऱ्यांनी कृपया खोट काढूनच द्या, वरवर छान म्हणू नका.

गंगथडी

डॉक्टर, पहिली खोट वेळापत्रकात आहे, आणि ती सगळ्यात मोठी आहे. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या बाजूची गावं घेतली असतील तर डिसेंबर-जानेवारीत तुम्हाला निम्म्या घरांना कुलूप भेटेल. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर (गाळप थांबल्यावर), गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. म्हणजे ज्या सुनेला तुम्ही ‘सांभाळणारी’ म्हणून शोधताय ती सहा महिने कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात फडावर असते.

त्या काळात गावात मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. म्हणजे तुमच्या फॉर्मवर ज्याच्यापुढे ‘परावलंबी’ असं लिहायचं तीच आजी दोन-तीन नातवंडांचा स्वयंपाक करते, शाळेला धाडते. तिला सांभाळणारं कोण? हा प्रश्न नुसता विचारलात तर ‘कोनी नाही’ किंवा ‘देव’ असं उत्तर येईल. मे महिन्यात त्याच घरात ‘सून’ असं उत्तर येईल. दोन्ही खरी आहेत. तुम्ही एकदाच गेलात तर अर्धंच खरं घेऊन याल आणि त्यावर टक्केवारी काढाल.

आणखी एक वाकडं गणित. जे बरं हिंडतंफिरतं म्हातारं आहे तेच मागे ठेवलं जातं. ज्याला उठवावं-बसवावं लागतं त्याला एकतर लेकीच्या गावाला पोचवतात किंवा बैलगाडीत घालून फडावरच नेतात. म्हणजे थंडीतला नमुना आपसूक सुदृढ माणसांचा होतो. परावलंबन कमी दिसेल, ताणही कमी दिसेल, आणि निष्कर्षात कुणीतरी लिहील की ग्रामीण भागात एकत्र कुटुंबामुळे म्हाताऱ्यांचं बरं चाललंय.

‘सांभाळणारा’ कोण हे नात्यावरून ठरवू नका, कामावरून ठरवा. कालचा दिवस घ्या, नेहमीचा नको. काल आंघोळीला पाणी कुणी दिलं, भाकरी कुणी वाढली, गोळ्या कुणी काढून दिल्या, संडासला कुणी नेलं, रात्री हाक मारली तर कोण उठलं. प्रत्येकापुढे माणसाचं नाव नाही, नातं आणि वय लिहा. ज्याच्या पदरात सगळ्यात जास्त कामं तो मुख्य. दवाखान्याचा आणि पैशाचा निर्णय कुणाचा, हे वेगळं विचारा. तो माणूस बहुतेक वेळा दुसराच निघतो (मुलगा), आणि मुलाखत मात्र त्याचीच होऊन जाते, कारण तो ओसरीवर समोर येऊन बसतो.

घरांची यादी करताना चूल धरा, घर नको. एका छपराखाली तीन चुली असतात. आई-बापाची पाळी असते, महिना-महिना किंवा पंधरा-पंधरा दिवस, काही ठिकाणी आई एका मुलाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. नियम ठरवून घ्या की काल रात्री जिथे झोपले तिथेच मोजायचे. नाहीतर एक म्हातारा दोनदा येईल आणि दुसरा एकदाही नाही. पाळी आहे की नाही, हा रकाना ठेवाच. पाळीवर असलेल्या माणसाचं औषध प्रत्येक घर बदललं की तुटतं. बीपीच्या गोळ्यांची पट्टी आधीच्या घरात राहते.

वेळ म्हणाल तर बायका सकाळी आठला रानात जातात आणि दिवस मावळल्यावर येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर भेटतच नाहीत. सकाळी साडेसहा ते आठ किंवा संध्याकाळी सातनंतर. बाजाराचा वार टाळा.

आकडेमोड

गंगथडींशी सहमत, पण एमडीच्या पोराला वर्षातून दोनदा चारशे घरं फिरणं झेपत नाही हेही खरं. मधला रस्ता म्हणजे एकच फेरी पाडवा ते पहिला पाऊस या काळात, म्हणजे माणसं गावात असताना, आणि फॉर्मवर बारा महिन्यांचा तक्ता. तक्त्यात इंग्रजी महिने घालू नका. सण घाला: पाडवा, आखाजी, आषाढी, पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र, होळी. प्रत्येक सणापुढे दोन खुणा: त्या वेळी हे माणूस कुठे होतं, आणि त्याचं कोण करत होतं. सणाला कोण घरी होतं हे लोकांना लख्ख आठवतं. ‘नोव्हेंबरमध्ये कोण होतं’ हे नाही आठवत. एवढ्याने हंगामी सांभाळणारा वेगळा काढता येतो. मग त्यातल्या तीस-चाळीस घरांना थंडीत पुन्हा भेट द्या, पुरे.

आता नमुना. ३८५ हा आकडा कुठून येतो ते बघा: प्रमाण ५० टक्के धरलं, चूक ५ टक्के धरली, १.९६चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५चा वर्ग. हे तेव्हाच लागू पडतं जेव्हा माणसं सुटी-सुटी निवडलेली असतात. तुम्ही गावं निवडताय. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात: तोच दवाखाना, तोच रस्ता, तोच मुकादम. त्यामुळे नमुना फुगवावा लागतो. फुगवटा = १ + (एका गावातली माणसं वजा १) × गावातला सारखेपणा. सारखेपणा ०.०५ धरला तर तुमच्या आराखड्यात १ + ३९ × ०.०५ = २.९५. म्हणजे तुमच्या ४०० जोड्यांची किंमत १३५ सुट्या माणसांइतकी. मेहनत चारशेची, माहिती सव्वाशे-दीडशेची.

तेच गावं वाढवून प्रत्येकी १५ घेतली तर फुगवटा १.७. चूक ७ टक्क्यांपर्यंत चालवून घेतली तर सूत्र १९६ देतं. १९६ × १.७ = ३३४. दहा टक्के लोक नाही म्हणतील किंवा भेटणार नाहीत, म्हणून ०.९ने भागा: ३७२. पंधराने भागलं की २५ गावं. तेवढीच घरं, पण गावं अडीचपट. पेट्रोल जास्त लागेल, अभ्यास मात्र उभा राहील.

एका घरात सासू आणि सासरा दोघंही साठीपुढचे असतील आणि दोघांचं करणारी एकच सून असेल तर तिला दोनदा मोजू नका. घरटी एकच म्हातारं माणूस चिठ्ठी टाकून निवडा. ‘जे समोर आलं ते’ निवडलं तर आतल्या खोलीत पडून असलेलं कधीच निवडलं जाणार नाही.

आणि विसराळूपणाच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवा. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीने साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के काढलंय. तुमच्या ३७५ जणांत ते साधारण २८ जण. २८ जणांवरून ‘स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या सांभाळणाऱ्यांवरचा ताण’ असं शीर्षक पेलवत नाही. शीर्षकातून तो शब्द काढा आणि परावलंबनावर थांबा. किंवा मग विषय उलटा करा: गावोगाव परावलंबी माणसं शोधून फक्त त्यांचाच अभ्यास. दोन्ही एका प्रबंधात कोंबू नका.

परभणीची_सिस्टर

झारिटबद्दल. स्वतः भाषांतर करायला बसू नका, आधी परवानगीचं बघा. ती मोजपट्टी मापी रिसर्च ट्रस्टकडून (अशा मोजपट्ट्या वापरायची परवानगी देणारी संस्था) मिळते. विद्यार्थ्याने विनाअनुदान वापरायची असेल तर तसं कळवून अर्ज करायचा, आणि त्याच अर्जात मराठी आवृत्तीची चौकशी करायची. एमएमएसईचंही तसंच, तिचे हक्क राखीव आहेत. कितीतरी प्रबंध छापील झेरॉक्सवर उभे राहतात आणि मासिकाकडे पाठवताना अडकतात.

मराठी मजकूर हातात आला तरी काम संपत नाही. पुण्याच्या मराठीत केलेला प्रश्न धारूरच्या घाटाखाली पोचत नाही. मूळ प्रश्न इथे उतरवत नाही, हक्काची भानगड आहे, पण कुठे अडकतं ते सांगते.

‘ओझं’ हा शब्द. सासूचं ओझं वाटतं का, असं विचारलं तर एकही सून हो म्हणणार नाही, मग ती रात्रभर जागलेली का असेना. ओझं म्हणणं म्हणजे म्हातारं माणूस नको झालंय असं कबूल करणं. त्याऐवजी इकडे बायका काय बोलतात ते ऐका: ‘जीव कावून जातो’, ‘घोर लागतो’, ‘कटाळा येतो पण सांगावं कुनाला’. कावून जाणं चालतं, कारण त्यात दोष माणसाचा नाही, कामाचा आहे.

एकांत किंवा स्वतःचा वेळ विचारणारा प्रश्न. दोन खणांच्या घरात एकांत कुणालाच नसतो, त्यामुळे सगळे ‘कधीच नाही’ किंवा ‘कायम’ या दोनच टोकांना जातात. मित्रमंडळींना घरी बोलावण्याबद्दलचा प्रश्नही तसाच. इथे त्या जागी माहेरी जाता येतं का, लग्नकार्याला मुक्काम करता येतो का, हे विचारलं की खरं बाहेर येतं. पण लक्षात ठेवा, प्रश्नाचा गाभा बदललात तर ती झारिट राहत नाही. अर्थ तोच ठेवून उदाहरण बदलायचं आणि प्रत्येक बदल परिशिष्टात लिहायचा. ज्यांच्याकडून परवानगी घेतलीत त्यांनाही तो कळवायचा.

क्रम असा असतो: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, बसून एक करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, तफावत मिटवायची. मग आठ-दहा सांभाळणाऱ्या बायकांना प्रत्येक प्रश्न विचारून ‘तुम्हाला यातून काय समजलं, तुमच्या शब्दात सांगा’ असं म्हणायचं. ही शेवटची पायरीच सगळे गाळतात, आणि सगळ्या चुका तिथेच सापडतात. त्यानंतर तीस जणींना दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने तीच प्रश्नावली दोनदा.

उत्तरं पाच पायऱ्यांची आहेत, शून्य ते चार. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यातला फरक तोंडी सांगून कळत नाही. पाच पेले काढलेलं कार्ड करा: रिकामा, पाव, अर्धा, पाऊण, भरलेला. बोट ठेवायला सांगा. हे कार्डसुद्धा त्या आठ-दहा जणींवर आधी तपासा.

एकूण गुण ० ते ८८. त्यात २१ ते ४० म्हणजे सौम्य ते मध्यम, ४१ ते ६० मध्यम ते तीव्र वगैरे जे गट पुस्तकात आहेत ते आपल्या गावांवर तपासून ठरवलेले नाहीत. ‘इतके टक्के बायकांना तीव्र ताण’ असं छापू नका. मध्य गुण आणि पसारा द्या, आणि परावलंबन जसं वाढतं तसे गुण किती वाढतात ते दाखवा.

मुलाखत कुठे घेता याला फार महत्त्व आहे. सासू ऐकतेय हे माहीत असताना उत्तरं गोड येतात. दोघांनी एकाच वेळी काम सुरू करायचं: एकाने ओसरीवर म्हाताऱ्या माणसाचं बीपी आणि चालणं घ्यायचं, दुसरीने परसात किंवा चुलीपाशी सुनेशी बोलायचं. सुनेशी बोलणारी बाईच हवी. गावातल्याच आशाताईला हे काम देऊ नका, त्या चांगल्या असतात पण घरातल्याच असतात. बोललेलं गावभर होईल ही भीती असते.

सांभाळणारीची तब्येतही नीट मोजा, नुसतं बीपी पुरत नाही. झोप किती वेळा मोडते, कंबर धरते का, स्वतःची औषधं बंद केलीत का. हे उगाच सांगत नाही. १९९९ साली अमेरिकेत शुल्झ आणि बीच यांनी दाखवलं की जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता अशा वयस्क माणसांत चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता, आणि जे करत होते पण ताण जाणवत नव्हता त्यांच्यात तशी ठळक वाढ सापडली नाही. त्याआधी १९९५ साली स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकांचं करणाऱ्या १३ बायकांना आणि तशाच दुसऱ्या १३ जणींना हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून पाहिली. करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. २६ बायकांचाच अभ्यास आहे, फार ताणू नये. पण आपल्याकडे सून साठीची आणि सासू ऐंशीची अशा जोड्या भरपूर आहेत. त्या सुनेला तुम्ही कुठल्या रकान्यात टाकणार, तेही ठरवून ठेवा.

उदासीनतेसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी जोडलीत तर नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर फॉर्म मिटवून पुढच्या घरी जायचं नाही. त्याच वेळी बोलायचं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्यायचा, आणि त्याच दिवशी मार्गदर्शकांना कळवायचं. हे नीतिमत्ता समितीच्या अर्जात आधीच लिहा.

बालाघाट_ओपीडी

स्मरणशक्तीच्या चाचणीबद्दल मी लिहितो, बाकी वर आलंय.

एमएमएसई इथे बाद. वाक्य लिहा, वाचून करा, पंचकोन काढा, शंभरातून सात वजा करत जा. शाळा न पाहिलेल्या माणसाचे गुण इथेच जातात, आणि त्या पिढीतल्या बहुतेक बायका शाळेत गेलेल्या नाहीत. म्हणजे चाचणी स्मृती मोजत नाही, शाळा मोजते. हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी नव्वदच्या दशकात एचएमएसई (एमएमएसईची हिंदी आवृत्ती) तयार झाली ती याच कारणाने. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ती जुळवून घेतलीय. मराठीत नेताना तिचंही वरच्या सिस्टरने सांगितलेलं सगळं करावं लागेल. घड्याळ काढायला लावणाऱ्या चाचण्याही नकोत.

तारीख विचारू नका, तिथी विचारा. अमावस्या होऊन किती दिवस झाले, कोणता महिना चाललाय (श्रावण की भाद्रपद), गावचा बाजार कोणत्या वारी, आता रानात काय उभं आहे. ज्या आजीला ‘आज तारीख काय’ येत नाही तिला एकादशी बरोबर आठवते. वजाबाकीच्या जागी वार उलटे म्हणायला लावा. ज्यांच्यावर तुमचा संशय नाही अशा तीस-चाळीस म्हाताऱ्यांवर आधी करून बघा. ज्या प्रश्नात निम्मे नापास होतात तो प्रश्न खराब आहे, माणसं नाहीत.

चाचणीआधी कान आणि डोळे. मागे उभं राहून हातभर अंतरावरून कुजबुजलेले आकडे म्हणवून घ्या. ऐकू येत नसेल तर खिशात मावणारं आवाज वाढवण्याचं यंत्र लावून मगच प्रश्न. मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला चित्र दाखवून ‘ओळखता येत नाही’ असा शेरा मारू नका. दुपारी एक ते चार कुणाचीही चाचणी नको, उन्हाळ्यात तर नकोच. पाणी कमी प्यायलेलं, बीपीसाठी थियाझाइडची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असलेलं, सोडियम उतरलेलं म्हातारं माणूस हमखास गोंधळलेलं सापडतं.

हा गोंधळ आणि स्मृतिभ्रंश वेगळे ओळखायला आधी एक प्रश्न विचारा: हे कधीपासून? ‘चार दिवसांपासून’ असं उत्तर आलं, माणूस क्षणात शुद्धीत आणि क्षणात भलतंच बोलतंय असं असेल तर तो डेलिरियम. ताप, लघवी तुंबणं, छातीतला कफ, साखर उतरणं, नवीन सुरू झालेली गोळी यातलं काहीतरी असतं. त्याला फॉर्म भरण्याआधी दवाखान्यात पोचवा. अभ्यासातून वगळा आणि का वगळलं ते नोंदवा. औषधाच्या पिशवीत झोपेच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीची क्लोरफेनिरामिन शोधा. या सगळ्या स्मृती धूसर करतात. पिशवी मागा, ‘काय औषध चालू आहे’ असं विचारून उपयोग नाही.

जवळच्या माणसाची साक्ष चाचणीइतकीच मोलाची. १०/६६ या स्मृतिभ्रंश संशोधन गटाने वापरलेली सीएसआय-डी ही पद्धत दोन्ही एकत्र मोजते: माणसाची चाचणी आणि घरच्याची माहिती. (गटाचं नावच बोलकं आहे: स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी जवळपास ६६ टक्के लोक विकसनशील देशांत आणि लोकसंख्येवरचं संशोधन तिथे १० टक्क्यांहून कमी.) पण साक्ष कुणाची, हे गंगथडींच्या मुद्द्याशी जोडून बघा. सहा महिने फडावर राहून परवाच आलेली सून ‘हळूहळू बिघडलं’ की ‘अचानक बिघडलं’ हे सांगू शकत नाही. तिला आल्यावर सगळंच अचानक दिसतं. त्या घरात शेजारीण किंवा मागे राहिलेला चौदा वर्षांचा नातू जास्त खरं सांगतो. नातू अठरा वर्षांखालचा आहे, त्याची औपचारिक मुलाखत घ्यायची तर पालकांची संमती लागेल.

वय. आधारवर एक जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर एक जून, आणि सांगताना साठ, पासष्ट, सत्तर. त्यात श्रावणबाळचा पगार पासष्टला सुरू होतो म्हणून कागदावरचं वय पुढे सरकलेलं असू शकतं. घटनांवरून काढा. रझाकाराच्या गडबडीत पळून रानात लपल्याचं स्वतःला आठवतंय (१९४८) म्हणजे ऐंशीच्या पुढे. बहात्तरच्या दुष्काळात स्वतः खडी फोडायला होते की आईसोबत सुकडी खायला? किल्लारीचा भूकंप झाला (३० सप्टेंबर १९९३) तेव्हा थोरलं लेकरू केवढं, लग्नाचं झालं होतं का? तीन घटनांची उत्तरं जुळली तर वय दोन-तीन वर्षांच्या अंदाजात बसतं. दोनच जुळली तर फॉर्मवर ‘अंदाजे’ लिहा.

संमतीचं थोडक्यात. आधी समजतंय का ते तपासा: आपण कोण, काय करणार, त्रास काय होऊ शकतो, नाही म्हटलं तर चालतं, हे चार मुद्दे सांगून त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्या. सांगता आले तर अंगठा त्यांचाच, साक्षीदार तुमच्या चमूबाहेरचा आणि लिहिता-वाचता येणारा. नाही सांगता आले तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती आणि शिवाय त्या माणसाचा होकार. हात झटकला, तोंड फिरवलं, तर तो नकार. मुलगा हो म्हणाला तरी. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा माणसांबद्दल स्वतंत्र काळजी सांगितली आहे, ते प्रकरण वाचाच. आणि माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात लिहा की याचा निराधारच्या पगाराशी, रेशनशी, घरकुलाशी काही संबंध नाही. हे नसेल तर माणसं ‘जास्त आजारी’ दिसायचा प्रयत्न करतात आणि बार्थेलचे गुण खाली येतात.

माजलगावकर

सगळ्यांचे आभार. आराखडा बदलतोय: २५ गावं, घरटी एक, पाडव्यानंतर, सणांचा तक्ता, शीर्षकातून स्मृतिभ्रंश बाहेर. एमएमएसई काढली. आता दोन बारीक शंका. पडण्याचा धोका बघायला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसण्याची चाचणी जोडायची होती. पण घरोघर खुर्ची कुठून आणू? आणि उभं राहिल्यावर बीपी पडतं का हे किती मिनिटांनी बघायचं?

अजून एक. कुणाकडे उपाशी ठेवलेलं, मारलेलं दिसलं तर?

बालाघाट_ओपीडी

खुर्ची बरोबर न्या, एकच, सगळ्यांना तीच. बैठक साधारण ४६ सेंटीमीटर, हात असलेली, लाकडी किंवा लोखंडी. प्लॅस्टिकची नको. सारवलेल्या जमिनीवर तिचे पाय सरकतात आणि तुमच्या चाचणीतच म्हातारं पडायचं. तीन मीटरवर खडूची रेघ, पायात रोजची चप्पल, काठी असेल तर काठीसह. एकदा सरावाला, एकदा वेळ लावून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं धरतात. एक माणूस मागे, हात न लावता. जन्मभर जमिनीवर बसलेल्या माणसांना खुर्चीतून उठणं सोपं जातं आणि जमिनीवरून उठणं अवघड, म्हणून ‘जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का’ हा साधा हो-नाही प्रश्नही ठेवा. आपल्याकडे पडणं तिथेच होतं, आणि रात्री बाहेर जाताना उंबऱ्यावर.

बीपी: पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचं २० किंवा खालचं १०ने उतरलं तर नोंद. चक्कर आली तर लगेच बसवा. आणि दंडाचा घेर मोजा. आपली म्हातारी माणसं वाळलेली असतात, घेर २२ ते २६ सेंटीमीटर असेल तर लहान पट्टा लागतो. मोठा पट्टा गुंडाळलात तर बीपी खोटं कमी दिसतं आणि वाढलेलं निसटतं.

परभणीची_सिस्टर

शेवटच्या शंकेचं. तिथल्या तिथे सुनेला किंवा मुलाला बोलायला जाऊ नका. तुम्ही निघून गेल्यावर त्याचा हिशोब म्हाताऱ्या माणसाकडून घेतला जातो. बीपीच्या निमित्ताने त्यांना एकटं गाठा, काय हवंय ते विचारा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, ती लावून द्या. निर्वाहासाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकिलाची गरज नाही, हे सांगा. पण अर्ज करायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. जिवाला धोका दिसला तरच थांबायचं नाही, त्या वेळी मार्गदर्शक आणि पोलीस. जखमेची नोंद वेगळ्या कागदावर, गावाचं नाव न लिहिता, फॉर्मच्या गठ्ठ्यात नाही. गठ्ठे गावातल्या कुणाच्या तरी घरी रात्री ठेवायची वेळ येतेच.

आणि उपाशी दिसलं म्हणजे उपाशी ठेवलेलं असं लगेच धरू नका. दात नसल्याने कडक भाकरी चावत नाही, काल्याला दूध नाही, आणि सून पहाटे चारला भाकरी थापून फडावर गेलेली, असंही असतं. दात, गिळणं आणि गेल्या सहा महिन्यांत अंगावरचे कपडे सैल झालेत का, हे तीन रकाने बार्थेलच्या खाली जोडून घ्या.

गंगथडी

एक राहिलंच. पंचवीस गावांची यादी काढाल तेव्हा तांडे आणि वस्त्या सुट्या लिहा, मूळ गावात मिसळू नका. तोडीला जाणारी माणसं जास्त तिथलीच, आणि चिठ्ठी टाकताना ‘गाव’ म्हटलं की गावठाणच निघतं.